एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या) सुरू झाल्यावर टीबीची गाठ वाढली, म्हणजे औषधं उलटली का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात पुन्हा मांडतो. तुमच्या दादांचं वय ३६. दोन महिने ताप आणि वजन घटलेलं, पण एक्स-रे जवळपास स्वच्छ आणि थुंकीत जंतू नाहीत. शेवटी मानेच्या गाठीत सुई घालून नमुना काढला, त्याच्या सीबीनॅटमध्ये, म्हणजे जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीत, टीबी निघाला आणि त्याच आठवड्यात रक्तात एचआयव्ही. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मुख्य पेशींचा रक्तातला आकडा, फक्त ४८. टीबीच्या गोळ्यांनी ताप उतरला, जेवण जाऊ लागलं. अडीच आठवड्यांनी एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि बाराव्या दिवशी पुन्हा ताप आला. सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी झाली. आई म्हणतात, औषधं गरम पडली, बंद करा. आणि तुम्ही विचारता, "प्रतिकारशक्तीच संपली असेल तर औषधांचा उपयोग काय?"

सगळ्यात आधी हे: दोन्हींपैकी एकही गोळी स्वतःहून बंद करू नका, आणि उद्या सकाळीच त्यांना एआरटी सेंटरला घेऊन जा. डोकं असह्य दुखत असेल, उलट्या होत असतील, बोलण्यात असंबद्धपणा असेल, झटका आला असेल, धाप लागत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर उद्याची वाट न पाहता आत्ताच मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या.

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे. बावीस वर्षं परळ-शिवडी भागात टीबीचे रुग्ण पाहतोय, त्यातली बरीच वर्षं एआरटी सेंटरच्या जोडीने. तुम्ही जे वर्णन केलंय ते मी अनेकदा पाहिलंय. माझा अंदाज असा की दादांची प्रतिकारशक्ती संपलेली नाही, उलट ती परत येतेय आणि गाठ त्यामुळेच सुजली आहे. पण गाठीला हात न लावता, कागद न पाहता हा अंदाजच. तो कशावर अवलंबून आहे ते पुढे सांगतो. त्याआधी आत काय घडतं ते समजून घ्या, कारण ते कळलं की आईंनाही समजावता येईल.

आपण प्रतिकारशक्ती म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पाण्याची टाकी येते: भरली, अर्धी झाली, संपली. सीडी४ चा आकडा त्या टाकीचा काटा वाटतो. पण टीबीच्या बाबतीत हे चित्र दिशाभूल करतं. माझं मूळ गाव पेणच्या खाडीकडचं. तिकडे खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे बांध घालतात. बांध एकदा घातला की झालं असं नसतं. खेकडे बिळं पाडतात, उधाणाचं पाणी माती नेतं. दरवर्षी माणसं उभी करावी लागतात, आणि कुठे माती टाकायची, कुठे दगड, हे सांगणारा मुकादम लागतो. मुकादम नसला तर घमेली घेतलेली वीस माणसंही नुसती उभी राहतात. टीबी आणि एचआयव्ही एकत्र आले की शरीरात जे होतं ते मला या बांधावरूनच नीट सांगता येतं.

टीबीचा जंतू श्वासातून फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत जातो. तिथे त्याला पहिली गाठते ती महाभक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज. तिचं कामच आलेला जंतू गिळून आतल्या पिशवीत बंद करायचा आणि त्या पिशवीत पाचक रस ओतून त्याला विरघळवायचा. टीबीचा जंतू ही दुसरी पायरीच अडवतो. पिशवी आणि पाचक रस एकत्र येऊ देत नाही. ज्या पेशीने त्याला मारायचं, तिच्याच पोटात तो राहतो आणि वाढतो. म्हणून मॅक्रोफेज एकटी टीबीला पुरी पडत नाही. तिला बाहेरून हुकूम लागतो.

तो हुकूम देणारी पेशी म्हणजे सीडी४ टी-पेशी. आपला मुकादम. ती स्वतः जंतू गिळत नाही. गिळलेल्या जंतूचा तुकडा मॅक्रोफेज आपल्या अंगावर मांडून दाखवते, तो ओळखणारी सीडी४ पेशी जवळ येते आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडते. त्याने मॅक्रोफेज चेकाळते, आम्लता वाढवते, आत दडलेल्या जंतूला मारू लागते. जोडीला टीएनएफ नावाचं रसायन येतं आणि त्याच्या जोरावर मॅक्रोफेज एकमेकींना चिकटून जंतूभोवती गोल भिंत उभारतात. बाहेरून टी-पेशींचं कडं पडतं. या गाठोळीला आम्ही ग्रॅन्युलोमा म्हणतो. हाच तो बांध. मुंबईत वाढलेल्या कितीतरी निरोगी माणसांच्या शरीरात असे बांध आहेत. आत जंतू कोंडलेला, बाहेर माणूस ठणठणीत. अशा माणसाला आयुष्यभरात टीबी होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के. पण बांध रोज राखावा लागतो, आणि ते राखणं सीडी४ पेशींच्या हुकुमावर चालतं.

आता एचआयव्हीकडे या. ज्याला आपण सीडी४ म्हणतो तो त्या पेशीच्या पृष्ठभागावरचा एक रेणू आहे, आणि एचआयव्हीचा विषाणू नेमका त्यालाच पकडून आत शिरतो. मुकादमाच्या अंगावरचा बिल्लाच शत्रूच्या हातातली चावी ठरतो. शिवाय झोपलेल्या सीडी४ पेशीपेक्षा जागी झालेली, कामाला लागलेली पेशी विषाणूला जास्त सोयीची. तिच्यात तो भराभर वाढतो. बांधावर रोज राबत असलेल्या, म्हणजे टीबीला ओळखणाऱ्या पेशी नेमक्या अशाच असतात, म्हणून त्या आधी मारल्या जातात. यामुळेच एचआयव्हीची लागण झाल्यापासून पहिल्या वर्षातच टीबीचा धोका वाढायला लागतो, जेव्हा सीडी४ चा एकूण आकडा अजून पाचशे-सहाशेच्या घरात दिसत असतो. आकडा डोकी मोजतो. त्यातली टीबीला ओळखणारी किती उरली, हे तो सांगत नाही. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीग्रस्त माणसात, आत टीबीचा जंतू कोंडलेला असेल, तर आजार उफाळण्याची शक्यता दरवर्षी १० टक्क्यांच्या आसपास जाते. इतरांना जो धोका अख्ख्या आयुष्यात, तो यांना एका वर्षात.

मॅक्रोफेजही सुटत नाही. तिच्या अंगावरही थोडा सीडी४ असतो, त्यामुळे विषाणू तिच्यातही शिरतो. ती लगेच मरत नाही, विषाणू पोटात घेऊन जगत राहते. मात्र तिची कामाची धार जाते. एरवी जंतूने भरलेली मॅक्रोफेज स्वतःला शिस्तीत मिटवून टाकते आणि आपल्याबरोबर जंतूलाही संपवते. एचआयव्ही असलेल्या फुप्फुसातल्या मॅक्रोफेजमध्ये हे स्वतःला मिटवणं कमी होतं, जंतूला आसरा मिळतो. सीडी८ जातीच्या टी-पेशी काही काळ वाढलेल्या दिसतात, पण सीडी४ पेशींच्या मदतीशिवाय त्याही दमून जातात.

यातूनच तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर मिळतं. तुम्हाला वाटतंय की एक्स-रे आणि थुंकी आधी नॉर्मल दाखवणाऱ्या डॉक्टरांनी हयगय केली. प्रत्येक केसबद्दल मी बोलू शकत नाही. पण फुप्फुसात टीबीची जी पोकळी एक्स-रेवर दिसते, ती जंतूने एकट्याने पाडलेली नसते. ती आपल्या प्रतिकाराच्या जोरकस भांडणात पडते. त्या पोकळीतूनच कोट्यवधी जंतू बेडक्यात येतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सापडतात. मिलिलिटरमागे पाच ते दहा हजार जंतू असतील तेव्हा कुठे साध्या थुंकीच्या तपासणीत ते दिसतात. सीडी४ ४८ असलेल्या माणसात बांधच घातला जात नाही, मग पोकळी कुठून पडणार? एक्स-रे स्वच्छ, थुंकी स्वच्छ, आणि जंतू मात्र रक्तावाटे गाठींत, यकृतात, अस्थिमज्जेत, कधी मेंदूच्या आवरणात पसरलेला. कातडीवरची मॉन्टू टेस्टही अशांची बऱ्याचदा निगेटिव्ह येते, कारण ती टेस्ट म्हणजे टी-पेशींचीच परीक्षा असते. म्हणून सीडी४ इतका कमी असताना आम्ही गाठीतला नमुना, सीबीनॅट किंवा तशीच ट्रूनॅट तपासणी, आणि लघवीत टीबीच्या जंतूचे अंश शोधणारी लॅम टेस्ट यांच्या मागे लागतो. लॅम टेस्ट तर सीडी४ जितका कमी तितकी जास्त उपयोगी पडते. एरवी तपासण्यांचं असं होत नाही.

आणि हे नुकसान एकतर्फी नाही. टीबीही एचआयव्हीला खतपाणी घालतो. टीबीशी लढताना शरीर जे टीएनएफ सोडतं, तेच पेशीच्या गाभ्यात दडलेल्या विषाणूला जागं करतं आणि त्याच्या प्रती निघू लागतात. लढाईसाठी जमलेल्या ताज्या सीडी४ पेशी विषाणूला आयतं कुरण होतात. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसाच्या आवरणात टीबीचं पाणी झालं, तर त्या पाण्यातलं विषाणूंचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा जास्त सापडतं. शिवाय ज्यांना एचआयव्ही नाही अशांचाही सीडी४ आकडा ऐन टीबीत खाली येतो. त्यामुळे दादांचा ४८ हा आकडा म्हणजे एचआयव्हीने केलेलं नुकसान अधिक टीबीने तात्पुरतं ओढलेलं. शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी जेमतेम दोन टक्के रक्तात फिरतात, बाकीच्या गाठींत, आतड्यात, प्लीहेत असतात. आजारात त्यांची जागा बदलते. म्हणून त्या एका आकड्याला नशिबाचा निकाल समजू नका. मी रुग्णांना सहा महिन्यांनंतरचा आकडा बघायला सांगतो.

आता मूळ प्रश्न. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या की पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातला विषाणू झपाट्याने घटतो. गाठींमध्ये अडकून पडलेल्या जुन्या, आठवण असलेल्या सीडी४ पेशी रक्तात परततात. मुकादम बांधावर आला. बघतो तर चहूकडे पाणी शिरलेलं. मानेच्या गाठीत, पोटातल्या गाठीत टीबीचे जिवंत आणि मेलेले जंतू खच्चून भरलेले, कारण औषधाने मेलेला जंतूही लगेच नाहीसा होत नाही. मॅक्रोफेज इतके महिने हुकुमाची वाट पाहत तशाच उभ्या. मग एकदम सगळीकडून हुकूम सुटतात. इंटरफेरॉन, टीएनएफ आणि सुजेची इतर रसायनं एकाच वेळी ओतली जातात. ताप येतो, गाठ फुगते, लाल होते, कधी आत पू होतो. तो पू काढून कल्चरला लावला तर बऱ्याचदा जंतू वाढतच नाहीत. प्रतिकारशक्ती परतताना उसळणाऱ्या या सुजेला आम्ही आयरिस म्हणतो. सीडी४ ५० च्या खाली असणं, टीबी शरीरभर पसरलेला असणं आणि दोन औषधांच्या सुरुवातीत कमी अंतर असणं, या तीन गोष्टींनी त्याची शक्यता वाढते. बहुतेक वेळा तो एआरटीच्या पहिल्या महिन्यात आणि जवळपास नेहमी पहिल्या तीन महिन्यांत दिसतो. बारावा दिवस, सीडी४ ४८, आधी ताप उतरलेला: दादांचं चित्र यात चपखल बसतं.

मग अंतर जास्त का ठेवलं नाही, असं तुम्ही विचाराल. फार न्याय्य प्रश्न आहे, आणि आम्हीही एके काळी दोन-दोन महिने थांबायचो. कंबोडियात ६६१ रुग्णांवर याचा अभ्यास झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना टीबीच्या औषधांनंतर दोन आठवड्यांनी एआरटी दिली, निम्म्यांना आठ आठवड्यांनी. लवकर दिलेल्यांत आयरिस जास्त झाला, हे खरं. पण मृत्यू लवकरच्या गटात १८ टक्के आणि उशिराच्या गटात २७ टक्के. आयरिसचा त्रास सोसवतो, सांभाळता येतो. मुकादमाविना घालवलेले सहा आठवडे मात्र जीव घेतात. याला मोठा अपवाद मेंदूच्या आवरणाचा टीबी. तिथे सूज कवटीच्या आत कोंडते, म्हणून आम्ही चार ते आठ आठवडे थांबतो.

पण ताई, इथे मला सावध करायलाच हवं. आयरिस हे निदान बाकीच्या शक्यता काढून टाकल्यावरच करायचं असतं. मुंबईत तर अधिकच, कारण इथे औषधांना न जुमानणारा टीबी कमी नाही. सीबीनॅटच्या रिपोर्टवर रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाबद्दल काय लिहिलंय ते पहा. पण ती टेस्ट आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल काही सांगत नाही, त्याला जंतू दाद देतो का हे पाहायला एलपीए तपासणी लागते. ती पाठवली आहे का, हे विचारा. गोळ्या खरंच रोज पोटात जातायत का, उलटीत पडत नाहीत ना, हे विचारतील तेव्हा दादांनी संकोच न करता खरं सांगावं. औषधांची रिअॅक्शन असेल तर अंगावर पुरळ किंवा कावीळ दिसू शकते. इतक्या कमी सीडी४ मध्ये क्रिप्टोकोकससारखी बुरशी मेंदूच्या आवरणात असू शकते, म्हणून डोकेदुखीबद्दल मी सुरुवातीलाच लिहिलं. क्वचित गाठीत टीबीबरोबर लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सरही निघतो. हे सगळं तपासून झालं की मग आयरिस म्हणायचं.

उपचार त्रासावर ठरतात. सौम्य असेल तर तापाच्या-सुजेच्या गोळ्या आणि धीर. गाठ पिलपिलीत झाली तर सुईने पू काढला की बराच आराम पडतो. त्रास जास्त असेल तर डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करतात आणि काही आठवड्यांत हळूहळू कमी करतात. ते केमिस्टकडून स्वतःहून अजिबात आणू नका. टीबी औषधांना दाद न देणारा असेल आणि वरून स्टेरॉइड पडलं, तर आहे तो प्रतिकारही आपणच झोपवतो.

एक गोष्ट अजून तपासून घ्या, कारण ती सुटलेली मी पाहिली आहे. दादांच्या एआरटीत डोल्युटेग्राविर हे औषध असेल, आणि आजकाल बहुतेकांच्या असतंच, तर टीबीतल्या रिफाम्पिसिनमुळे यकृत ते फार वेगाने काढून टाकतं. म्हणून टीबीचे उपचार चालू असेपर्यंत आणि संपल्यावर आणखी दोन आठवडे, बारा तासांनी डोल्युटेग्राविरची जादा गोळी घ्यावी लागते. घरी दोन डबे आहेत की एक, आज रात्रीच बघा. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या, अॅसिडिटीचं औषध त्याच वेळी देऊ नका. सेप्ट्रान, म्हणजे इतर संसर्ग टाळणारी गोळी, दिली असेल तर तीही चालू राहू द्या.

आईंना काय सांगायचं? मी दोन रुग्णांबद्दल सांगतो, दोघांची ओळख राहणार नाही एवढंच. एक दागिन्यांना पॉलिश करणारा कारागीर, असाच तरुण, अशीच गाठ. घरच्यांनी औषधं गरम पडली म्हणून दोन्ही बंद केली. गाठ खरंच बसली, कारण मुकादम पुन्हा गेला. सगळ्यांना वाटलं बरं झालं. तीन महिन्यांनी तो मेंदूच्या टीबीने बेशुद्ध अवस्थेत आला. वाचला, पण नजर अधू झाली. दुसरी एक घरकाम करणारी बाई. तिची गाठ फुटली, दोन महिने वाहिली, ती रोज ड्रेसिंगला यायची आणि रडायची. गोळी मात्र एकही चुकवली नाही. तिचा सीडी४ ३० वरून दोन वर्षांत तीनशेच्या पुढे गेला. गळ्यावरचा व्रण ती आता पदराने झाकतही नाही. सगळ्यांचा आकडा इतका चढतो असं मी म्हणणार नाही. फार खाली गेलेल्यांचा काहींचा अडीचशेच्या आसपास अडतो. पण विषाणू दाबलेला राहिला तर त्या आकड्यावरही माणसं कामाला जातात, मुलांच्या शाळेच्या मीटिंगला जातात.

प्रतिकारशक्ती पहिल्यासारखी होईल का, याचं प्रामाणिक उत्तर असं: बरीचशी होते, पूर्ण नाही. गोळ्या घेऊन सीडी४ चांगला चढल्यावरही टीबीचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त राहतो, कारण टीबीला ओळखणाऱ्या ज्या पेशी गेल्या त्या सगळ्याच्या सगळ्या भरून येत नाहीत. म्हणून एआरटी आयुष्यभर, आणि टीबीचा कोर्स संपल्यावर प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का हे सेंटरचे डॉक्टर ठरवतील. वहिनी असतील तर त्यांची एचआयव्ही तपासणी, आणि घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची टीबीसाठी तपासणी करून घ्या. ताट-वाटी वेगळी करू नका, त्याने दोन्हींपैकी काहीच पसरत नाही. कामावर एचआयव्ही सांगण्याची सक्ती कोणी करू शकत नाही, २०१७ चा कायदा तसं स्पष्ट म्हणतो. सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतायत का, तेही विचारा. दादांना अंडी, डाळ, दूध आत्ता हवं आहे.

उद्या जाताना एका कागदावर तारखा लिहून न्या: टीबीच्या गोळ्या कधी सुरू, ताप कधी उतरला, एआरटी कधी सुरू, ताप पुन्हा कधी. आमचं अर्धं निदान त्या चार तारखांवर होतं. आज रात्री गाठीची कड पेनाने आखून ठेवा, म्हणजे ती वाढतेय का हे उद्या नुसत्या अंदाजावर राहणार नाही. सगळे डबे सोबत घ्या. आणि सकाळच्या गोळ्या देऊनच घराबाहेर पडा, कारण केसपेपरच्या रांगेत दुपार होते.